पंच पचवायला वजन वाढवावं का? हेवीवेटच्या उंबरठ्यावरच्यांसाठी

नव्वद-पंचाण्णव किलोच्या बॉक्सरला कुठल्याही जिममध्ये एक सल्ला हमखास मिळतो: अंगावर दहा किलो चढव, पंच (समोरच्याचे ठोसे) पचायला लागतील. सल्ला अगदीच पोकळ नाही. सगळ्यात वरच्या वजनगटाला छप्परच नसतं. पॅरिस ऑलिंपिकला पुरुषांमध्ये ९२ किलोच्या पुढचे सगळे एकाच गटात होते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हेवीवेट साधारण ९१ च्या पुढे सुरू होतं आणि कुठवरही जातं. म्हणजे समोर सव्वाशे किलोचा गडी येणार, हे धरूनच चालायचं. मग आपणही शंभरी ओलांडायची, की आहे त्या वजनावर राहायचं? मी दोन्ही वजनांवर खेळलोय आणि शेवटी खालीच राहिलो. तरी जड बाजूचं म्हणणं आधी मांडतो.

जड असण्याचा खरा फायदा क्लिंचमध्ये, म्हणजे दोघं एकमेकांना धरून अडकतात तेव्हा, कळतो. फेब्रुवारी २०२० मध्ये लास वेगासला झालेल्या दोन हेवीवेट बॉक्सरांच्या दुसऱ्या लढतीत टायसन फ्युरी सुमारे १२४ किलोचा होता, तर डिऑन्टे वाइल्डर सुमारे १०५. जवळ आला की फ्युरी वाइल्डरवर सगळं अंग टाकून रेलायचा. असा माणूस अंगावर रेलला की आपले पाय आणि पाठ आधी दमतात, पंच नंतर लागतात. शिवाय बरगड्यांवरचे आणि पोटावरचे पंच जाड अंगाला कमी बोचतात; मला तरी शंभरच्या वर असताना तसंच जाणवलं. आणि वजन तोडायची कटकट संपते, हा फायदा लहान नाही. पाणी बंद करून, घाम गाळून काट्यावर चढलेला बॉक्सर दुसऱ्या दिवशी मार कमी सोसतो. तुम्ही दर स्पर्धेआधी उपाशी राहून गटात बसत असाल, तर वर जा. माझा पुढचा युक्तिवाद तुमच्यासाठी नाही.

पण बहुतेकांना काळजी असते ती चिनची, म्हणजे जबड्यावर बसलेला पंच पचवण्याच्या ताकदीची, आणि तिथे वजनाचा हिशेब बिघडतो. जबड्यावर हुक (बाजूने वळवून मारलेला पंच) बसला की डोकं झटक्यात फिरतं आणि कवटीच्या आत मेंदूला पीळ बसतो. शुद्ध जाते ती त्यामुळे. छाती, पोट, मांड्या यांवर चढवलेले दहा किलो या झटक्याच्या वाटेत कुठेच येत नाहीत. वाटेत येते ती मान, आणि तीही पंच येताना दिसला अन् ती वेळेवर ताठ झाली तरच. न दिसलेला पंच कितीही मोठ्या माणसाला बसवतो.

जुन्या लढती बघा. १९१९ मध्ये टोलेडोला जेस विलार्ड सुमारे १११ किलोचा आणि जॅक डेम्प्सी ८५ च्या आसपास. विलार्ड पहिल्याच फेरीत सात वेळा खाली गेला. १९३४ मध्ये प्रिमो कार्नेरा मॅक्स बेअरपेक्षा वीस किलोहून जड असूनही पुन्हा पुन्हा पडला आणि किताब घालवून बसला. उलट रॉकी मार्सियानो जेमतेम ८५ किलोचा. तोही पडला, १९५२ मध्ये वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत पाडलं. पण उठला आणि तेराव्या फेरीत जिंकला.

मला सगळ्यात पटणारं उदाहरण हेवीवेट बॉक्सर क्लिच्को भावांचं आहे. दोघं जवळपास सारख्या उंचीचे, सारख्या वजनाचे, एकाच घरातले. थोरला विताली व्यावसायिक कारकिर्दीत कधी खाली पडला नाही. त्याचे दोन्ही पराभव दुखापतीमुळे लढत थांबल्याने झाले, एकदा खांदा आणि एकदा डोळ्यावरच्या जखमा. धाकट्या व्लादिमिरला २००३ मध्ये कोरी सँडर्सने दुसऱ्याच फेरीत संपवलं. मग व्लादिमिर वर्षानुवर्षं राज्य करू शकला तो लांब जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच), अंतर आणि क्लिंचच्या जोरावर. त्याने चिन बदलली नाही, चिनपर्यंत पंच पोचू दिला नाही.

आता माझं म्हणाल तर माझा निर्णय जबड्यापेक्षा गमशिल्डमुळे, म्हणजे दातांवर बसवायच्या संरक्षक कवचामुळे, झाला. वजन वाढवल्यावर पहिली फेरी मजेत जायची, दुसरीही ठीक. तिसरीत मात्र दम पुरेना. नाकाने श्वास भागत नाही म्हटल्यावर तोंड आपोआप उघडतं, दातांची पकड सुटते आणि गमशिल्ड जिभेवर तरंगायला लागतं. ते वर ढकलायला जीभ, सावरायला जबडा, आणि नेमक्या त्याच क्षणी समोरच्याचा उजवा येतो. मिटल्या दातांवर बसलेला आणि उघड्या जबड्यावर बसलेला पंच यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकाने डोकं हलतं, दुसऱ्याने कानात शिट्टी वाजते आणि गुडघे क्षणभर कुठे आहेत ते कळत नाही. कोपऱ्यातून सर ओरडायचे, "दात चाव, तोंड मीट!" पण दमलेला माणूस तोंड मिटणार कसं? हलक्या वजनावर हेच सहकारी, हेच पंच, आणि तिसऱ्या फेरीतही माझे दात मिटलेले असायचे. याचं मोजमाप माझ्याकडे नाही, पण मला तेवढं पुरे होतं.

वाइल्डरचंही थोडंफार तसंच झालं असावं. फ्युरीबरोबरच्या पहिल्या लढतीत तो ९६ च्या आसपास होता आणि बाराव्या फेरीतही फ्युरीला सपशेल आडवं करण्याइतका जोर त्याच्यात शिल्लक होता. दुसऱ्या लढतीला आठेक किलो वाढवून आला आणि सातव्या फेरीत त्याच्या कोपऱ्याने टॉवेल टाकून हार मानली. अर्थात वाढलेलं वजन हे एकच कारण म्हणणं अन्यायाचं होईल. फ्युरी त्या रात्री फार चांगला खेळला, आणि रिंगपर्यंत घातलेल्या जड पोशाखाने पाय गेले असं खुद्द वाइल्डर म्हणाला होता.

दुसरीकडे युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक. क्रूझरवेटमधून, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटातून, वर आला, पण वजन बेतानंच वाढवलं. मे २०२४ मध्ये रियाधला तो सुमारे १०१ किलोचा आणि फ्युरी ११९ चा. नवव्या फेरीत दोऱ्यांच्या आधाराने उभं राहून रेफ्रीची गिनती घ्यावी लागली ती फ्युरीला. डिसेंबरच्या परतीच्या लढतीला फ्युरी आणखी जड, चांगला १२७ किलोचा होऊन आला, आणि पुन्हा गुणांवर हरला.

तेव्हा उंची सहा फूट चारच्या पुढे असेल, हाडपेर मोठं असेल आणि वजन आपसूक वाढत असेल तर ते अडवू नका. एकशे पाच किलोला तुम्ही कदाचित जास्त आरामात खेळाल. पण सहा फुटांच्या आसपासचा, ९३-९४ वर मोकळा वाटणारा बॉक्सर केवळ पंच पचावेत म्हणून खाणं वाढवत असेल, तर माझं मत नको असं आहे. तोच वेळ मानेला द्या. तालमीतले पैलवान मानेवर जी मेहनत घेतात ती कोणा जाणत्याकडून शिकून घ्या, घाईने नको. तरीही वजन वाढवायचंच ठरलं, तर तीन-तीन किलोंनी वाढवा आणि दर टप्प्यावर पूर्ण तीन फेऱ्यांचं स्पॅरिंग (सरावाची लढत) करा. तिसऱ्या फेरीत तोंड उघडं पडायला लागलं की तिथेच थांबा. आणि स्पॅरिंगनंतर डोकं दुखत राहिलं किंवा उजेड सहन होईना, तर वजनाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.