फॅमिलीसर्च : सूनबाईंच्या खापरपणजोबांचा शोध

टिळकवाडीत बसून आमच्या अमेरिकन सूनबाईंच्या ओहायोतील खापरपणजोबांचा माग काढताना फॅमिलीसर्च ही जनगणनेसारख्या जुन्या नोंदींतून पूर्वज शोधण्याची विनामूल्य ऑनलाइन सेवा मला फारच उपयोगी पडली. १८५० पूर्वीच्या अमेरिकी जनगणनेत केवळ कुटुंबप्रमुखाचेच नाव लिहिले जाई. त्या वर्षापासून मात्र गुलाम नसलेल्या प्रत्येकाचे नाव, वय व जन्मस्थान नोंदले गेले. (१८९० ची जवळजवळ सर्व पाने १९२१ च्या आगीत व त्यानंतर नष्ट झाली, हे आधीच ध्यानात ठेवावे.) १८८० च्या पानावर, फिकट झालेल्या शाईतील वळणदार अक्षरांत, खापरपणजोबांच्या नावापुढे ‘लोहार’ आणि आईवडिलांच्या जन्मस्थानाच्या रकान्यांत ‘आयर्लंड’ वाचताना सूनबाईंचे डोळे भरून आले. जनगणनेचे प्रगणक नावे ऐकून लिहीत, म्हणून स्पेलिंग बदलून पुन्हापुन्हा शोधण्याची चिकाटी हवी.