समकालिक की असमकालिक? दूरस्थ डेटा-प्रतिकृतीच्या दोन पद्धती
दूरच्या केंद्रात डेटाची प्रत ठेवायची हे ठरले की खरा प्रश्न उरतो तो प्रत्येक नोंद तिथे पोहोचेपर्यंत थांबायचे की नाही, हा. समकालिक पद्धतीत दोन्ही ठिकाणी नोंद झाल्याशिवाय ॲप्लिकेशनला पोच मिळत नाही. त्यामुळे मुख्य केंद्र अचानक बंद पडले, तरी पोच मिळालेला व्यवहार हरवत नाही. याची किंमत वेगात मोजावी लागते. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटरवरील केंद्रापर्यंतच्या जाण्यायेण्यातच प्रत्येक नोंदीमागे किमान १ मिलिसेकंद खर्च होतो, यंत्रणांचा विलंब वेगळाच. म्हणून केंद्रे जवळ ठेवावी लागतात. मग एकच पूर किंवा भूकंप दोन्हींना गाठू शकतो. शिवाय मधला दुवा तुटल्यास नोंदी थांबवायच्या की प्रतीविना पुढे जायचे, हेही आधीच ठरवावे लागते, आणि नेमका हाच निर्णय बहुधा राहून जातो.

असमकालिक पद्धत स्थानिक नोंद होताच पोच देते व बदल मागाहून पाठवते. अंतराचे बंधन जवळपास उरत नाही, मात्र दुर्घटनेच्या क्षणी वाटेत असलेल्या नोंदी गमवाव्या लागतात. बँडविड्थ, म्हणजे दुव्याची डेटा वाहून नेण्याची क्षमता, अपुरी असल्यास दूरच्या प्रतीची ही पिछाडी गर्दीच्या वेळी वाढत जाते.

पेमेंटच्या खातेवहीसाठी मी समकालिक पद्धतच निवडेन. दस्तऐवजांच्या संग्रहाला असमकालिक पुरते. चुकून पुसलेली किंवा रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने) कुलूपबंद केलेली फाइल मात्र दोन्ही पद्धती सारख्याच इमानाने पलीकडे पोहोचवतात, त्यामुळे जुन्या तारखांचे स्वतंत्र बॅकअप दोन्ही बाबतींत लागतातच.