चौदा महिने झिरकोनियाची दाढ वापरल्यावर

खालची उजवी पहिली मोठी दाढ. रूट कॅनाल झालं आणि तिच्यावर झिरकोनियाची, म्हणजे एका टणक पांढऱ्या सिरॅमिकची कॅप बसवली, त्याला आता चौदा महिने झाले. घर सोलापूरचं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी रोज ताटात असते, त्यामुळे कॅपला आराम असा मिळालेला नाही.

कॅपला काहीही झालेलं नाही. टवका नाही, चीर नाही, रंग पहिल्या दिवसासारखाच. शेजारच्या दाढेपेक्षा किंचित पांढरट दिसते, पण इतक्या मागे कोण बघतंय. डाव्या बाजूला माझी जुनी धातूवर पोर्सेलिन चढवलेली कॅप आहे. तिचा कोपरा तिसऱ्याच वर्षी उडाला आणि आतला काळा धातू दिसायला लागला. माझी झिरकोनियाची कॅप आतबाहेर एकाच पदार्थाची, त्यामुळे वरचा थर सुटायची भीती नाही. शिवाय चीर पडू लागली की तिच्या टोकाजवळचे स्फटिक रूप बदलतात, सुमारे ४ टक्के फुगतात आणि चीर दाबून धरतात. सिरॅमिकमध्ये हा गुण मला फार मोलाचा वाटतो. (दर्शनी, पुढच्या दातांसाठी जास्त पारदर्शक झिरकोनिया मिळतो. त्यात यिट्रिया (झिरकोनियात मिसळलेलं दुसरं ऑक्साइड) जास्त असतं आणि ताकद बरीच कमी. दाढेला मी तो घेतला नसता.)

पण कॅप झिजत नाही याचाच मला त्रास झाला. बसवताना ती थोडी उंच लागत होती. डॉक्टरांनी निळा कागद चावायला दिला, जिथे डाग उमटला तिथे बर (घासायचं बारीक फिरतं टोक) फिरवला आणि मला घरी पाठवलं. जिभेला तिळाएवढी जागा खरखरीत लागत होती. विचारलं तर म्हणाले, वापरून होईल गुळगुळीत. झाली नाही. कशी होणार? कडकपणा मोजायच्या विकर्स मापावर दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कवच, साधारण ३०० ते ३५०, झिरकोनिया १२०० च्या आसपास. दोघं एकमेकांवर घासले तर कोण झिजेल ते उघड आहे. त्यात मी झोपेत दात खातो, असं बायको लग्नापासून सांगते आहे.

पाचव्या महिन्यात गार पाणी वरच्या दाढेला झोंबू लागलं. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आरशात दाखवलं: वरच्या दाढेवर, बरोबर त्या खरखरीत जागेसमोर, सपाट चकचकीत ठिपका पडला होता. माझा धडधाकट, स्वतःचा दात.

मला वाटलं होतं की कडकपणाच नडला. त्यांनी समजावलं ते वेगळंच होतं. पोर्सेलिन झिरकोनियापेक्षा मऊ असतं, तरी समोरचा दात जास्त खातं, कारण त्याचा पृष्ठभाग तुटत-खरवडत राहतो. झिरकोनियाचे कण अतिशय बारीक. नीट पॉलिश केला तर तो तसाच गुळगुळीत राहतो आणि इनॅमलला सोसवतो. मला आजीचं जातं आठवलं. गुळगुळीत झालं की दळेनासं व्हायचं, मग टाकी लावून घ्यायची. माझ्या कॅपला बरने टाकी लावून दिली होती.

इलाज साधा निघाला. कॅप काढावी लागली नाही. हिऱ्याची पूड असलेली रबरी चाकं, जाड्यापासून बारीकपर्यंत, पाणी मारत दहाएक मिनिटं फिरवली. जीभ लावली तर काचेसारखं. रात्रीसाठी वरच्या दातांवर नाईट गार्ड करून दिला, तो मी न चुकता लावतो. झोंबणं महिन्याभरात थांबलं. परवा जुन्या फोटोशेजारी नवा ठेवून पाहिला, ठिपका वाढलेला दिसत नाही. गेलेलं इनॅमल मात्र परत येत नाही.

कॅप बनवणाऱ्या लॅबमधून आलेल्या चकाकीवर जाऊ नका. ती बहुतेकदा ग्लेझ असते, म्हणजे काचेचा पातळ थर. चावण्याच्या जागी तो काही महिन्यांतच जातो, आणि खाली पॉलिश केलेलं नसेल तर खरखरीत भाग उघडा पडतो. लॅबला आधी पॉलिश, मग ग्लेझ असं डॉक्टरांमार्फत सांगून ठेवा. कॅपसोबत वॉरंटी कार्ड मिळालं होतं. त्यात कॅप तुटली तर बदलून देण्याची हमी आहे, समोरच्या दाताबद्दल एक अक्षर नाही.

पुढच्या महिन्यात डावीकडची ती कोपरा उडालेली कॅप बदलायची आहे. पुन्हा झिरकोनियाच घेणार. घासाघास झाली तर पॉलिश करूनच सोडा, हे आधीच सांगितलं आहे, आणि खुर्चीतून उठण्यापूर्वी जीभ फिरवून बघणार आहे.