जन्मदाखल्याच्या जादा प्रती : एका क्षेत्रीय कार्यालयातील सेवा

मुलीच्या जन्मदाखल्याच्या जादा प्रती पुण्यातील एका क्षेत्रीय कार्यालयातून घेतल्या. सेवा समाधानकारक, पण निर्दोष नव्हे. नोंदणी क्रमांक आणि दिनांक हाताशी असल्याने खिडकीवरील काम झटपट उरकले. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार नोंद जन्म जेथे झाला तेथील निबंधकाकडे असते, त्यामुळे बाळंतपण माहेरी झाले असल्यास राहत्या घराजवळच्या कार्यालयात रांग लावणे व्यर्थ ठरते, ही साधी सूचना मात्र दारावर कोठेही नव्हती. प्रतीत आईच्या नावाची वेलांटी चुकली होती. रजिस्टरातील मूळ नोंद बरोबर असल्याने, कारकुनाने किंचित कपाळाला आठ्या घालून का होईना, तेथेच दुरुस्त प्रत दिली. शिक्का उमटण्यापूर्वी प्रत्येक अक्षर वाचून घ्यावे.