सल्लागाराला ठरावीक फी द्यावी की टक्केवारी? बडोद्याच्या लहान कारखान्यांसाठी

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला लहान कारखाना बाहेरचा सल्लागार बोलावतो तो बहुधा वीजबिल कमी करायला, नाहीतर जीपीसीबीची, म्हणजे गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची, संमती काढायला. दोन्हींना एकच व्यवहार लावू नये.

विजेच्या कामात बचतीची टक्केवारी चालते. आधी खिशातून काही जात नाही. भांडण होतं ते मूळ आकड्यावरून. मंदीत ऑर्डर घटल्या तरी बिल उतरतं, आणि त्या 'बचती'तलाही वाटा सल्लागार मागतो. म्हणून आधीच्या १२ महिन्यांची बिलं करारालाच जोडा आणि बचत रुपयांत न मोजता दर टन मालामागे लागलेल्या युनिटांत मोजा. ठरावीक फीत ही कटकट नाही, पण अहवाल देऊन माणूस मोकळा होतो. ३० टक्के मोजणीनंतर, ४० अहवालावर आणि उरलेले ३० तीन महिन्यांची बिलं पाहून द्या.

संमतीच्या कामात मात्र टक्केवारी नको आणि 'सगळं मिळून अमुक' असा आकडाही नको. त्या 'सगळं'मध्ये काय दडलंय हे आपण विचारत नाही, तिथेच चुकतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या वतीने काम करणाऱ्याने कंपनीच्या फायद्यासाठी लाच दिली तर कंपनीही आरोपी होते. त्या लाचेला मालकाची मूक साथ किंवा होकार होता हे सिद्ध झालं तर त्याला ३ ते ७ वर्षं कैद. सरकारी शुल्क कंपनीच्या खात्यातूनच भरा, सल्लागाराचं बिल वेगळं घ्या. जीपीसीबीच्या एक्सजीएन या ऑनलाइन पोर्टलवर ई-मेल आणि मोबाइल स्वतःचाच नोंदवा. सल्लागाराचा असला तर नोटीस त्याच्याकडे जाते आणि उत्तराची मुदत टळून गेल्यावर आपल्याला कळतं.

फुकट सल्ल्याचे पैसे बहुतेकदा यंत्र विकणारा देतो. तसं कमिशन घेत असाल तर कळवा, असं कामाआधी लेखी मागा. कमिशन घेणं गुन्हा नाही, लपवणं वाईट. आपल्या खरेदी खात्यातल्या माणसालाही हाच नियम.

आणि आपली बाजू. एकाचा प्रस्ताव दुसऱ्याला दाखवून भाव पाडणं ही त्याच्या मेहनतीची चोरी आहे. दोन दर हवेत तर कामाची यादी आपण लिहावी आणि तीच दोघांना द्यावी. सल्लागार 'उद्यम' या लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु असेल, तर लेखी करार असतानाही ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. करार नसेल तर १५ दिवसांत.