आरटीआय ऑनलाइन: दहा रुपयांत काय मिळतं, काय नाही

सरकारी कार्यालयांकडून माहिती मागायचं राज्य सरकारचं आरटीआय (माहिती अधिकार) ऑनलाइन पोर्टल मी गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून वापरतेय. आमच्या भागातले रस्ते, एक अर्धवट गटार आणि बागेतले बंद दिवे, एवढाच माझा विषय. घोटाळे खणून काढायला निघालेली मी कोणी कार्यकर्ती नाही. तर अनुभव असा: प्रश्न विचारणं या पोर्टलमुळे खरंच सोपं झालंय. उत्तर मिळवणं होतं तेवढंच कटकटीचं आहे. आणि मिळालेलं उत्तर चार लोकांपर्यंत पोचवायची सोय कुणाच्या डोक्यातच आलेली दिसत नाही.

आधी सोपं काय ते. कागदी अर्जाला जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना) भरा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा, आवक कक्षात द्या, पोच घ्या, आणि पोच देणारा माणूस जेवायला गेला असेल तर थांबा. ऑनलाइनमध्ये हे सगळं वाचतं. ओटीपी, विभाग, कार्यालय, मजकूर, दहा रुपयांचं पेमेंट, की नोंदणी क्रमांक हातात. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, दाखला जोडायचा. नेमकं कार्यालय कोणतं हे कळत नसेल तरी अडून बसू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) नुसार चुकीच्या ठिकाणी आलेला अर्ज त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

आता ज्यावरून सगळे चिडतात ती 150 शब्दांची मर्यादा. महाराष्ट्राच्या नियमांत 2012 पासून एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांत, अशी अट आहे. केंद्राच्या पोर्टलवर 3000 अक्षरं मिळतात, म्हणजे आपण तुलनेने कंजूष. पण माझं मत जरा उलटं आहे. या मर्यादेमुळे अर्ज सुधारतात.

आमच्या इमारतीतल्या काकांनी केलेला मसुदा बघा: "सदर रस्ता वर्षभरात का उखडला? याला जबाबदार कोण? त्यांच्यावर काय कारवाई करणार?" संताप शंभर टक्के खरा, पण या अर्जाला एका ओळीचं उत्तर येतं: "आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." आणि ते उत्तर अगदीच बेकायदा नसतं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात सांगून ठेवलंय की कार्यालयाने फक्त दप्तरी असलेली माहिती द्यायची, नवी तयार करून द्यायची नाही. 'का' हा प्रश्न कुठल्याच फायलीत लावलेला नसतो. कागद लावलेले असतात.

म्हणून आम्ही बसून तो अर्ज पुन्हा लिहिला. अमुक चौक ते तमुक शाळा या रस्त्याच्या कामाचं मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश (वर्क ऑर्डर), मोजमाप पुस्तिकेतली संबंधित पानं, ठेकेदाराला अदा केलेल्या देयकांच्या प्रती आणि दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदारानेच दुरुस्त करायची मुदत) नमूद असलेलं निविदेचं पान. बस. 'कृपया', 'नम्र विनंती' धरूनही शब्द उरले. काकांना हे फारच मिळमिळीत वाटलं. "यात आपला राग कुठे आहे?" म्हणाले.

राग कागद आल्यावर कामाला आला. कार्यादेशात दोषदायित्व कालावधी तीन वर्षांचा होता आणि तो संपायला अजून अवकाश होता. म्हणजे खड्डे ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचे. आणि इकडे त्याच रस्त्याच्या नव्या डांबरीकरणाचा प्रस्ताव तयार होत होता, आपल्याच पैशांतून! त्या एका पानाची झेरॉक्स जोडून पत्र दिलं आणि ठेकेदाराचा रोलर दारात आला. काम दर्जेदार झालं असं म्हणणार नाही, पण नव्या निविदेविना झालं.

हे वाचून वाटेल की सगळं सुरळीत झालं. तसं नाही. उत्तर द्यायची मुदत 30 दिवसांची (जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास). आमच्या स्थानिक कार्यालयातून आधी फोन आला, "मॅडम, कशाला हवीय माहिती?" अर्जदाराला कारण विचारता येत नाही, कलम 6(2) वाचा, एवढंच मी सांगितलं. आवाज न चढवता सांगावं, ते जास्त लागतं. मग झेरॉक्सचे पैसे भरा असं पत्र आलं. पत्रावरची तारीख मुदतीतली, पाकिटावरचा टपालाचा शिक्का मुदत उलटल्यानंतरचा. पाकीट फेकू नका, हा माझा या पूर्ण अनुभवातला सगळ्यात उपयोगी सल्ला. मुदत टळली की कलम 7(6) नुसार माहिती फुकट द्यावी लागते, आणि त्याचा पुरावा त्या शिक्क्यात असतो. मी पाकिटाचा फोटो जोडून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील टाकलं आणि प्रती विनामूल्य मिळाल्या. अपीलही ऑनलाइन होतं, फी 20 रुपये. केंद्राकडे पहिलं अपील फुकट आहे, आपल्याकडे का नाही ते सरकारलाच ठाऊक.

प्रथम अपिलापर्यंत धीर पुरतो. त्यापुढे दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोग, आणि तिथे घड्याळ नव्हे, कॅलेंडर लागतं. माहिती अधिकारावर काम करणाऱ्या सतर्क नागरिक संघटनेच्या 2023 आणि 2024 च्या दोन्ही अहवालांत महाराष्ट्र आयोगाकडे लाखाहून जास्त अपिलं आणि तक्रारी पडून असल्याचं दिसतं. दिरंगाईसाठी अधिकाऱ्याला रोज 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड कायद्यात आहे, पण तो लावणार आयोग, आणि आयोगापुढे रांग ही अशी. पोर्टल कितीही चकाचक केलं तरी ही रांग हटत नाही. कागदपत्रं जाड असतील तर अपिलाच्या वाटेला न जाता सरळ अवलोकन, म्हणजे कार्यालयात जाऊन फाइल स्वतः बघणं, मागा. पहिल्या तासाला शुल्क नसतं, आणि समोर फाइल उघडी असली की काय मागायचं ते नेमकं कळतं.

पत्त्याबद्दल एक. अर्जात नाव-पत्ता द्यावा लागतो आणि तो कुणाकुणाच्या टेबलावरून फिरतो यावर आपला ताबा नाही. दिव्यांच्या अर्जाला काय होतंय, असं वाटेल. पण जमिनीचे व्यवहार उघडे करणारे आरटीआय कार्यकर्ते सतीश शेट्टी 2010 मध्ये तळेगाव दाभाडेला मारले गेले, हे विसरून चालत नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने 2013 मध्ये पोस्ट बॉक्स क्रमांक पुरेसा मानला आहे. विषय वाळूचा, जमिनीचा किंवा मोठ्या ठेक्याचा असेल तर घरचा पत्ता टाळाच.

आणि आता माझी खरी तक्रार. मला आलेलं उत्तर नोंदणी क्रमांक टाकून फक्त मलाच दिसतं. पलीकडच्या गल्लीतल्या वहिनींनी त्याच रस्त्याबद्दल विचारलं तर त्यांनी पुन्हा दहा रुपये भरायचे, कारकुनाने पुन्हा तीच फाइल काढायची, पुन्हा 30 दिवस. केंद्राच्या कार्मिक विभागाने 2013 मध्येच अर्ज आणि त्यांची उत्तरं संकेतस्थळावर टाकायला सांगितलं होतं. राजस्थानने 2019 मध्ये जन सूचना पोर्टल काढून रेशन, रोजगार हमी, पेन्शनची माहिती कुणीही बघावी अशी उघडीच ठेवली. माहितीच्या हक्काची चळवळ तिथल्या जनसुनावण्यांतून उभी राहिली, त्याचा हा परिणाम. महाराष्ट्राने तर देशाच्या कायद्याआधी, 2002 मध्ये, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. मग अर्जदाराचं नाव-पत्ता झाकून उत्तरं सगळ्यांना शोधता येतील असं एक पान करायला काय अडलंय?

तोवर आम्ही आमची सोय केलीय. आलेलं प्रत्येक उत्तर सोसायटीच्या फलकावर लावतो आणि पीडीएफ प्रभागाच्या ग्रुपवर टाकतो, अधिकाऱ्यांवर शेरेबाजी न करता. शेरेबाजी सुरू झाली की कागद कुणी वाचत नाही.

पोर्टलला माझे गुण: पाचपैकी साडेतीन. पुढचा अर्ज काकांनी स्वतः लिहिलाय: कलम 4 खाली कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या 17 बाबींची अद्ययावत प्रत. 150 पैकी 41 शब्द लागले.