कलमकारीच्या नावाखाली १३,२३० रुपयांना गंडवलं, तुम्ही तरी बघून घ्या

सांगायची लाज वाटतेय खरं तर. सेलूला माझ्या माहेरी कापडाचं दुकान, तागे उलगडताना बघतच मोठी झाले, अन् मलाच कापडात फसवलं. घरात अजून सगळ्यांना खरा आकडा माहीत नाही.

महालक्ष्म्यांना यंदा कलमकारी नेसवायची हे मीच डोक्यात घेतलेलं. तिरुपतीला गेलो तेव्हा श्रीकाळहस्तीला बघितल्या होत्या, बांबूच्या कलमानं हातानं काढलेल्या, महाग म्हणून सोडल्या. तर इन्स्टावर एकाची जाहिरात आली, "थेट कारागिराकडून", साडी ४,६०० ला. ज्येष्ठा-कनिष्ठेच्या दोन म्हणजे ९,२००, वर ह्यांना अन् पोरांना कुर्त्यासाठी ब्लॉकप्रिंटचे तीन पीस, ९५० प्रमाणे २,८५०. सीओडी नाही म्हणे. पाठवले. दोन दिवसांनी पार्सलच्या इन्शुरन्सचे १,१८०, "परत मिळतील". तेही पाठवले, कारण १२,०५० अडकलेले असले की माणूस अजून टाकतोच, तुम्हीही टाकले असते.

आता जे आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते ते. पैसे द्यायच्या आधी त्यानं दोन्ही साड्यांचे फोटो पाठवले होते. पदरावरच्या मोराच्या मानेपाशी लाल रंग थोडा ओघळलेला, ते बघून मी उलट खूश, की हाताचं काम आहे, असं होणारच. दुसरा फोटो उघडला, त्यातही ओघळ. त्याच मोराला, त्याच जागी, तेवढाच! अन् मी काय म्हणाले, वा, जोड छान जमलीय. मला जोडच पाहिजे होती ना महालक्ष्म्यांना. अहो हातानं काढलेल्या दोन साड्यांवर रंग एकाच जागी कसा ओघळेल? कुणाच्या तरी खऱ्या साडीचा फोटो काढून छापलेला माल होता तो.

पार्सल उघडलं तर कापड मागून जवळजवळ पांढरं, हाताच्या कामात रंग मागंही उतरतो. एक दोरा काढून जाळला, वितळून गोळी झाली, सुती असता तर कागदासारखी राख झाली असती. ब्लॉकच्या छापाला कुठंतरी सांधा दिसतो, ठसा जरासा सरकतोच, यात सगळं पट्टीनं आखल्यासारखं. म्हणून आधी मागच्या बाजूचा व्हिडिओ मागा, फोटो नाही, व्हिडिओ.

पोलिसात गेले तर साहेब म्हणाले, ताई, माल मिळाला ना, मग हा फ्रॉड नाही, ग्राहक मंचात जा. बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकला. पुन्हा पोलिसात, तर अर्ज ठेवून जा. पोच मागितली तर माझ्याकडंच असं बघितलं की चोर मीच. तीन चकरा, दर वेळी अर्ध्या दिवसाची रजा, अन् एकानं तर विचारलं, एवढी महाग साडी कशाला पाहिजे होती? माझे पैसे आहेत, तुला काय करायचंय!

ऑनलाइन फसवणुकीची हेल्पलाइन आहे १९३०, तिला लगेच फोन करा, मी चार दिवस लाजेत घालवले. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही अन् आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, हे मला कुणी सांगितलं नाही, स्वतः शोधलं. पार्सल उघडताना शूटिंग करा. चॅट डिलीट करू नका, मी रागात अर्धं केलं.

महालक्ष्म्यांना शेवटी मागच्याच वर्षीच्या साड्या नेसवल्या. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. अन् काल परत तीच जाहिरात दिसली, नाव वेगळं, मोर तोच, ओघळ तोच, "फक्त ३ पीस शिल्लक".